पाठीच्या कण्यापाशी थांबणारी नागीण

भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या पंचशीलाचा हात हलत नाही, ही गोष्ट गुलबर्ग्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आता सगळ्यांना ठाऊक आहे. काचेच्या नळीत तळाला एक जड, नितळ द्रव असतो. त्याच्यावर माणसाचं रक्त असं ओतायचं की दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. हात एवढासा थरथरला तरी सगळी नळी लाल होते आणि ते रक्त वाया जातं. नीट ओतलं आणि नळी यंत्रात गरगर फिरवली की मधोमध धुक्यासारखा एक पांढुरका पट्टा उभा राहतो. रोगाशी झुंजणाऱ्या पेशी असतात त्या पट्ट्यात. बंगळूर-पुण्याकडं शिकून आलेली मुलंसुद्धा रक्त थोडंच असलं की म्हणतात, "मॅडम, हे तुम्हीच ओता."

हा हात तिला आईकडून आला. सुमनबाई पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून हंडा ठेवून द्यायची, आणि पाणी निवळलं की हंडा हळूच कलता करून वरचं तेवढं घागरीत घ्यायची. तळचा गाळ झोपलेल्या लेकरासारखा जागच्या जागी. पंचशीला उकिडवी बसून बघायची आणि एक दिवस म्हणाली, "आई, मी ओतू?"

"ओत की. गाळ उठला तर तूच तहानलेली र्‍हाशील, मी न्हाई."

गाळ उठला. तिसऱ्या खेपेला उठला नाही. त्यानंतर त्या घरात पाणी पंचशीलानंच ओतलं.

बाप बाबूलाल दोन एकरांचा धनी, आणि शेताचं काम नसेल तेव्हा गवंड्याच्या हाताखाली. आजोबांनी दीक्षा घेतलेली, म्हणून घरात देव्हारा नव्हता, पाट्या-पुस्तकं होती. सातव्या वर्षी पंचशीलाला कांजण्या आल्या. आजूबाजूची घरं म्हणाली, बाई, म्हणजे देवी, आलीय, पाच दिवस दवाखान्याचं नाव काढू नका. आजोबा म्हणाले, "बाई-बिई काय न्हाई, रोग हाय," आणि तिला खांद्यावर घेऊन भालकीला गेले. फोड वाळले, खपल्या पडल्या. तिनं तिथल्या डॉक्टरला विचारलं, "फोड कुठं गेले?"

डॉक्टर हसून म्हणाला, "गेले."

सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं भालकीला कानडी. पहिलं वर्ष फळ्याकडं बघून रडण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी ती वर्गात तिसरी आली. मग गुलबर्गा, बीएस्सी, एमएस्सी, आणि मेहकरमधून प्रयोगशाळेत नोकरी धरणारं पहिलं माणूस ती झाली. तिथं तिला कळलं की त्या डॉक्टरचं उत्तर चुकीचं होतं. कांजण्यांचा विषाणू जात नाही. कातडीतून तो नसेच्या वाटेनं आत सरकतो आणि कण्याच्या कडेला, नाहीतर डोक्यात, नसांच्या ज्या गाठी असतात त्यांतल्या एकीत जाऊन निजतो. त्याच्या जनुकांचा लांब धागा स्वतःची दोन टोकं जुळवून कड्यासारखा गोल होतो आणि पेशीच्या गाभ्यात पडून राहतो, जवळजवळ मुका. बाहेर पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. वय झालं, अंगात साखर वाढली, पहारा विरळ झाला, की तो जागा होतो आणि ज्या नसेनं आत गेला तसल्याच एका नसेनं खाली कातडीवर उतरतो. त्यालाच आपल्याकडं नागीण म्हणतात. म्हातारपणी हा पहारा किती उरतो, हेच पंचशीलाच्या प्रयोगशाळेत मोजतात.

मेहकरात नागिणीवर काव लावणारं एकच घर, भीमण्णाचं. लिंगायताचं घर, घरात कानडी, दारात मराठी. काव म्हणजे लाल माती. ती दगडावर उगाळायची आणि फोडांच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बोटानं रेघ मारायची, एक तोंडापुढं, एक शेपटीमागं. ह्याला बांध घालणं म्हणतात. सगळ्या मुलखाचा समज असा, की नागिणीनं कमरेला पुरता वेढा घातला, तोंड शेपटीला भिडलं, की माणूस संपला. कानडीत तर नावच सर्पसुत्तू, सापाचा वेढा. भीमण्णाची रेघ पडली की आलेलं माणूस निर्धास्त होऊन घरी जायचं. भीमण्णा त्याबद्दल नारळसुद्धा घेत नसे. दोन नेम मात्र कडक होते. बांध सोमवारी नाहीतर गुरुवारीच घालायचा, आणि स्वतःच्या नागिणीला स्वतःचा हात लावायचा नाही.

त्याच्या अप्पाच्या, म्हणजे वडलांच्या, काळी तिसराही एक नेम होता. पंचशीलाच्या गल्लीतलं कुणी आलं तर अप्पा बोटानं रेघ मारत नसे, लांब काडीला चिंधी गुंडाळून मारी. पंचशीलाच्या आजोबांच्या अंगावर तशीच मारलेली. भीमण्णाच्या हाती काम आलं त्या पहिल्याच सोमवारी त्यानं ती काडी चुलीत घातली. कुणी काही बोललं तर म्हणे, "शरणांचं नाव घ्यायचं आन माणूस काडीनं शिवायचा व्हय?" म्हणून बाबूलालच्या घरात भीमण्णाचं नाव निघालं की सगळे नीट बसून बोलत.

तुरी फुलावर होत्या तेव्हाची गोष्ट. शनिवारी दिवस मावळायच्या सुमाराला सुमनबाईचा फोन आला. "पंचू, भीमण्णाला नागीण निघालीया. कपाळावर. कालपून. कमलम्मा अक्का रडायलीय बघ इथं." कमलम्मा म्हणजे भीमण्णाची बायको.

"मला दाखव, आई. फोन घेऊन जा त्यांच्याकडं."

पडद्यावर भीमण्णा आला. अडुसष्ट वर्षांचा, पाठ अजून ताठ. "काय बघायलीस पोरी? नवरदेव हाव का मी?"

कपाळाचा उजवा अर्धा भाग लाल, पाणी भरलेल्या फोडांनी गच्च. डावा भाग कोरा. मधोमध जणू कुणी पट्टीनं रेघ ओढलेली. उजवी पापणी सुजून जड झाली होती. पंचशीला म्हणाली, "काका, फोन नाकाजवळ धरा. शेंड्यापाशी."

नाकाच्या शेंड्यावर, उजव्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक फोड होता.

नाकाच्या शेंड्याला जी नस जाते, तिचीच फांदी डोळ्यात उतरते. तिथं फोड दिसला की समजायचं, पुढचा नंबर डोळ्याचा.

"काका, उद्याच्या उद्या भालकीच्या दवाखान्यात जा."

"सोमवारी बांध घालतो की रेवणप्पा. पुतण्याला शिकवलोय मी सगळं."

"सोमवार लांब हाय."

"परवा तर हाय! लांब कामून?"

"काका, डोळा जाईल."

"माझा डोळा? गल्लीतल्या बायकांच्या सुया अजून मीच ववून देतोय, ठाऊक हाय का तुला? मी बघतो म्हणलो की बघतो." आणि त्यानं फोन सुमनबाईच्या हातात दिला.

पंचशीलानं लगेच डॉक्टर नेत्रावती मॅडमना विचारलं. प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली चाले. त्या म्हणाल्या, पहिला फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात, आणि डोळ्याच्या डॉक्टरनं तर ताबडतोब बघायला हवं. "तू गोळ्या देऊ शकत नाहीस, फोनवरून मीही देणार नाही. पण माणूस मात्र तूच आणू शकतेस."

रविवारी ती पहिल्या गाडीनं निघाली. हुमनाबाद, भालकी, तिथून जीप. दोन्ही अंगांना तुरीची पिवळी फुलं अंगावर येत होती आणि ती तास मोजत होती.

भीमण्णा ओसरीवर बसला होता. शेजारी कमलम्मा, खांबाला टेकून रेवणप्पा. भीमण्णाचा उजवा डोळा आता मिटलेलाच होता.

"शरणार्थी, काका," तिनं त्यांच्या रीतीनं नमस्कार केला.

"जय भीम, पोरी. शंभर कोस आलीस, च्या पी आन परत जा."

"च्या पिते. परत मात्र तुमाला घेऊन जाते."

भीमण्णानं कावेच्या वाटीकडं बोट केलं. "चाळीस वर्सं झाली. हुमनाबादपून लोक येतेत ह्या दाराला. आता माझीच नागीण निघाली आन मी गोळ्या खायला पळालो, तर काय म्हणतील? म्हणतील, भीमण्णाचा बांध भीमण्णालाच खरा वाटना. मग हे घर कशाचं?"

"डोळा गेल्यावर हे घर तरी कशानं बघणार तुमी?" कमलम्मा म्हणाली.

"तू गप. डाव्यानं बघीन."

पंचशीलाला रस्ताभर सुचलेली सगळी वाक्यं तिनं गिळून टाकली. ह्या माणसाला खोटं पाडून गाडीत बसवता येणार नाही, हे तिला दिसत होतं. आणि तो खोटा नव्हताच. चहाची बशी खाली ठेवून ती म्हणाली, "काका, एक विचारू? आजपातर किती नागिणी बघितलाव?"

"हजार तरी."

"त्यातल्या किती जणांचं तोंड शेपटीला भिडलं?"

"एकाचं बी न्हाई!" भीमण्णाची छाती फुगली. "म्हणून तर बांध म्हणतेत."

"बांध कुठं घालताव?"

त्यानं रेवणप्पाला जवळ ओढून त्याच्या अंगावरच दाखवलं. पुढं बेंबीवरून सरळ खाली, मागं कण्यावर. "बरोबर मधोमध. ना इकडं, ना तिकडं. अप्पानं शिकवलेलं, अप्पाला आज्जानं."

"आन तुमी रेघ मारायच्या आधी, ती कण्याच्या पलीकडं गेलेली कधी बघितलाव?"

रेवणप्पा काकाकडं बघू लागला. अंगणात कमलम्मानं वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीवर चिमण्या उतरल्या, तरी त्यांना कुणी हाकललं नाही. भीमण्णा हलक्या आवाजात बोलला.

"एकदा काव संपली होती. कमलनगरकडचा एक विहीर खांदणारा आला. पायी आल्ता, भ्यालेला, घामानं चिंब. गुरुवार होता. काव न्हाई म्हणून परत कसा लावू? साध्या पाण्यात बोट बुडवलो आन रेघ मारलो पाठीवर. त्याला काय दिसतंय? आठ दिसानं आला, पाया पडला. नागीण कण्यापाशी थांबलेली, जशी सगळ्यांची थांबते तशीच." त्यानं कपाळावर हात न्यायचा म्हणून उचलला आणि दुखेल म्हणून खाली घेतला. "तवापून मला ठाऊक हाय, ती आपल्या आपणच थांबते. कामून थांबते ते ठाऊक न्हाई. कुणाला सांगू? सांगितलो तर येणारं माणूस भ्यालेलंच परत जाईल."

कमलम्मानं नवऱ्याकडं असं बघितलं, जणू म्हणत होती, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली आणि हे आज कळतंय.

पंचशीला रेवणप्पाच्या मागं जाऊन बसली आणि त्याच्या कण्यावर दोन्ही हातांची बोटं टेकली. "कामून ते मी सांगते. कण्यातनं नसा जोडीनं निघतेत, एक डावी, एक उजवी. विहिरीवरनं दोन अंगाला दोन पाट काढावेत तशा. एका पाटाचं पाणी एकाच अंगाच्या वाफ्याला. रोग एका पाटातनं उतरतोय, तर पलीकडच्या वाफ्यात कसा जाईल? मोठ्या डॉक्टर लोकांनी ह्या सगळ्या वाफ्यांचं चित्र काढून ठेवलंय, काका. त्यात मधली रेघ जिथं हाय, तुमच्या आज्जानं बोट बरोबर तिथंच धरलं. शाळा न शिकता."

भीमण्णाची मान हळूच वर झाली.

"पर तुमचा पाट कपाळाचा हाय. तो डोळ्यात उतरतोय. नागीण मधोमध थांबंलच, पलीकडं जाणार न्हाई. पर डोळा अलीकडंच हाय की. तिथं बांध काय करील?"

"आन गोळी काय करती?"

"हा रोग पेशीत शिरला की आपल्या नकला काढत बसतोय. गोळी पोटात जाते तवा मुकीच असते. रोगाचाच एक कामगार तिला जागं करतोय. मग ती नकलेच्या साखळीत जाऊन बसते आन पुढची कडीच लागत न्हाई."

भीमण्णाच्या सुजलेल्या तोंडावर हसू फुटलं. "म्हंजे चोरानं आपल्याच हातानं आपल्याला कोंडून घेतलं!"

"व्हय. पर नकला थोड्या हायेत तवरच. आज तिसरा दिस हाय तुमचा."

"तिसरा?" त्यानं बोटांवर मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. आणि मग तो सावकाश उठला. "येतो. एक अट हाय. माझ्या कपाळात खरंच तेच हाय का, मला माझ्या डोळ्यानं दाखवायचं. ऐकीव नको. उरलाय त्या डोळ्यानं बघीन."

"दाखवते."

"रेवण्या, माझा धुवट रुमाल आण. आन उद्या कुणी आलं तर बांध तू घाल. सांग, काका गुलबर्ग्याला गेलाय, कामाला."

भालकीच्या दवाखान्यात पहिली गोळी त्याच्या पोटात गेली तेव्हा बारा वाजले होते. दिवस मावळायच्या आत गुलबर्ग्याला डोळ्याच्या डॉक्टरनं बघितलं. बुबुळाच्या कडेला नागिणीचे दात लागलेलेच होते. थेंब दिले, पट्टी बांधली, आणि डॉक्टर म्हणाला, "आणखी एखादा दिवस घालवला असता, तर मला फार काही करता आलं नसतं."

सोमवारी सकाळी भीमण्णा प्रयोगशाळेत आला. पंचशीलानं हातमोजे चढवले, त्याच्या कपाळावरच्या फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर टिपलं आणि दंडातून रक्ताची एक नळी घेतली.

"घेतलीस काडी हातात?" भीमण्णा म्हणाला.

ती थबकली. मग दोघंही एकदम हसली.

यंत्र दोन तास चाललं. पडद्यावर एक रेघ सपाट जात होती, सपाट, सपाट, आणि मग ती वर चढू लागली. पंचशीला म्हणाली, "यंत्र त्या रोगाच्या धाग्याचा एक तुकडा हुडकतंय आन दुप्पट, दुप्पट करत जातंय. धागा नसता तर रेघ आडवीच राहिली असती."

भीमण्णानं डावा डोळा बारीक केला. "ही माझ्या कपाळातली?"

"तुमच्याच. लहानपणी कांजण्या आल्त्या का तुमाला?"

"सहा वर्साचा होतो. आईनं लिंबाच्या पाल्यावर निजवल्तं."

"तवापून ही नागीण तुमच्या डोक्यातल्या गाठीत निजली होती."

"बासष्ट वर्सं?" भीमण्णानं पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "आन मी गावच्या नागिणी बांधत फिरायलो! घरातली घरातच."

पाचव्या आठवड्यात तो पुन्हा तपासायला आला. पट्टी निघाली होती. डोळा वाचला होता. बुबुळाच्या कडेला काचेवर श्वास पडावा एवढा डाग राहिला. कपाळात अजून रात्रंदिवस सुया टोचत होत्या, आणि ते किती महिने चालेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. त्या दिवशी पंचशीलानं पुन्हा रक्त घेतलं, आपल्या हातानं थर चढवला, पांढुरका पट्टा वेगळा काढला. त्या पेशींना रोगाचे तुकडे दाखवायचे आणि एक दिवस तसंच ठेवायचं, अशी ती परीक्षा. ज्या पेशीनं रोग ओळखला तिच्या जागी एक निळसर ठिपका उमटतो. भीमण्णा त्या रात्री बाबूलालच्या ओळखीच्या घरी राहिला, पण ठिपके बघितल्याशिवाय जाणार नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं भिंगाखाली दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक पहिल्या सोमवारच्या रक्ताची, एक आताची. पहिलीत विरळ ठिपके, कोरडवाहू रानात उगवलेल्या चार रोपांसारखे. दुसरीत दाटी.

"हे काय?"

"राखणदार. एकेक ठिपका म्हंजे नागिणीला ओळखलेला एकेक जण. आधी हे एवढेच होते. आता बघा."

भीमण्णा मोजत राहिला. चाळीसपर्यंत मोजून त्यानं सोडून दिलं. "म्हंजे बांध आतनं पडला."

"व्हय. गोळीनं नुसता वेळ काढून दिला. बांध तुमच्या रक्तानं घातला."

नेत्रावती मॅडम मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, भालकी तालुक्यातल्या खेड्यातून ह्या अभ्यासाला रक्त देणारे तुम्ही पहिले. भीमण्णानं पागोटं सारखं केलं. "मग माझं नाव मोठ्या अक्षरात लिवा."

"नाव लिहीत नाहीत, नंबर असतो."

"मग एक नंबर लिवा."

"सतरा हाय तुमचा, काका," पंचशीला म्हणाली.

"गावचा एक, तुमचा सतरा. चालतंय."

तुरी खळ्यावर आल्या तेव्हाचा एक मंगळवार. पंचशीला नळ्या मांडत होती आणि भीमण्णाचा फोन आला. पाठीमागं जीपचा भोंगा, माणसांचा कालवा.

"पोरी, एकाला घेऊन भालकीला निघालो बघ. शेजारच्या गावचा हाय, कमरेला निघालीया. सकाळी दारात उभा."

"आज मंगळवार की, काका."

"मंगळवारच हाय. नागिणीला काय ठाऊक वार? त्याचा आज पयला दिस. गुरुवार बघत बसलो तर तिसरा मोडतोय."

"काव लावलाव का?"

"लावलो. खोटं कामून बोलू? भ्यालं होतं बिचारं, बायको रडायली. फोडाला हात लावलो न्हाई, मोकळ्या कातडीवर मधोमध एक रेघ दिलो आन म्हणलो, ही हिच्या पलीकडं जात न्हाई, हे मी शपथेवर सांगतो. आता उठ, गोळी खायला चल."

पंचशीला हसली. "दवाखान्यात काय सांगणार?"

"सांगतो की, आमच्या मेहकरच्या पंचशीला मॅडमनं पाठवलंय."

"मी कुठं पाठवलंय?"

"तू गप. जीप सुटायलीय," भीमण्णा म्हणाला, आणि त्याच्या आवाजामागं कुणीतरी विचारत होतं, कोण ही मॅडम, आणि तो सांगू लागला होता.